राखेचं मडकं आणि सात नावं

पेपरावर दोनच नावं आहेत हे कळलं तेव्हा धुरपदाबाई चहा गाळत होत्या. गाळणं हवेतच राहिलं.

"दोनच?" त्या म्हणाल्या. "काय वं पोरी, बारशाच्या चिठ्ठीवर याच्यापेक्षा जास्ती नावं ऱ्हातस."

मयुरी म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाची मुलगी. ती विद्यापीठात पीएच.डी. करत होती. तिने शांतपणे समजावलं की हा पेपर म्हणजे सकाळी येतो तो पेपर नव्हे, तर संशोधनाचा लेख. प्रयोग तिने केला, मार्गदर्शन सुरवाडे सरांनी केलं, म्हणून दोन नावं. ज्याने काम केलं त्याचं नाव, असा जगभरचा नियम आहे.

"जगमा व्हई," धुरपदाबाई म्हणाल्या. "आपलामा नही."

आता धुरपदाबाईंची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. शाळा त्यांची तिसरीत सुटली. पण धरणगावच्या त्यांच्या भावकीत चाळीस वर्षांत छापलेली एकही लग्नपत्रिका त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात गेलेली नव्हती. पत्रिका तपासायला अक्षर कमी येऊन चालतं, नाती पाठ लागतात. निमंत्रक कोण, प्रेषक कोण, स्वागतोत्सुक किती, व्यवस्थापकात कुणाला घातलं की तो रुसत नाही आणि कुणाला घातलं की हमखास रुसतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. अमळनेरच्या एका लग्नात एका चुलत मेव्हण्याचं नाव राहिलं, तर त्याने अकरा वर्षं त्या घरचं पाणी घेतलं नाही. बाराव्या वर्षी तो वारला आणि यांना कळवलंसुद्धा नाही. अशा बाईला कुणी सांगावं की काम करील त्याचंच नाव? लग्नात खरं काम आचारी करतो. त्याचं नाव पत्रिकेवर कुणी पाहिलंय?

बरं, मयुरीचं काम लहान नव्हतं. तिला वेळेवर गरम भाकर मिळावी म्हणून गावचं घर थोरल्यावर सोपवून धुरपदाबाई जळगावात तिच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांच्या मागच्या ओट्यावर बारा मडकी मांडलेली होती. सगळ्यांत चवळीचं बी. तीन मडकी नुसतीच. तिनांत कडुलिंबाचा पाला. तिनांतल्या बियांना एरंडेल चोळलेलं. आणि तिनांत गोवऱ्यांची राख. दर महिन्याला मयुरी प्रत्येक मडक्यातून शंभर दाणे काढायची आणि भुंग्याने भोक पाडलेले किती ते मोजून वहीत लिहायची. आठ महिने हे चाललं.

राख धुरपदाबाईंची. म्हणजे राख गोवऱ्यांचीच, पण रीत त्यांची. त्यांच्या सासूने, भिकुबाईने, ती त्यांना शिकवली होती, आणि पन्नास वर्षांत त्यांच्या घरात चवळीचं बी एकदाही विकत आलं नव्हतं. आठ महिन्यांनी हिशेब लागला तेव्हा नुसत्या मडक्यांत शंभरातले साठ दाणे किडलेले होते, कडुलिंबात पंचवीस, एरंडेलात दहा आणि राखेत चार. सुरवाडे सर आकडा बघून खुर्चीतून उठले म्हणे. धुरपदाबाई उठल्या नाहीत. "हाई मी पहिलेच सांगेल व्हतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी वरणात तूप जरा जास्त पडलं.

या एका लेखावर मयुरीची पदवी अडली होती. लेख छापून आला की प्रबंध पूर्ण, प्रबंध पूर्ण की जूनमध्ये एका कॉलेजात जागा निघणार होती तिथे अर्ज. पोरगी चार वर्षं याच्यासाठी झिजली होती. हे धुरपदाबाईंना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांना वाटत होतं की एवढ्या शुभकार्यात कुणी रुसलेलं नको.

शेजारच्या बेबाबाई दुपारी मेथी निवडायला येऊन बसल्या. सल्ला विचारला नव्हता, पण बेबाबाईंचा सल्ला विचारावा लागत नाही.

"अक्का, हेमराजभाऊचं नाव नाही?" त्या म्हणाल्या. "सख्खा काका. शिवाय स्वतः प्रोफेसर. उद्या त्यानं विचारलं तर काय तोंड दाखवशाल?"

धुरपदाबाईंनी निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली. हेमराज त्यांचा धाकटा मुलगा. धुळ्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा.

"आणि झिपरू आबा?" बेबाबाई पुढे म्हणाल्या. झिपरू आबा म्हणजे घरमालक, निवृत्त तलाठी. "मडकी ठेवली कुणाच्या ओट्यावर? जागा देणाऱ्याचं नाव असतंच. मंगल कार्यालयाचं नसतं का?"

संध्याकाळी हेमराजला फोन लागला. तो आधी ऐकत राहिला, मग त्याचा आवाज एकदम बारीक आणि प्रेमळ झाला. "माय, तू माझ्या मनातलं बोललीस," तो म्हणाला. त्याची पदोन्नतीची मुलाखत तीन आठवड्यांवर होती आणि तिथे छापलेले लेख मोजतात. एक कमी पडत होता. राज्यशास्त्राचा आणि भुंग्यांचा काय संबंध असं मयुरीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "शासनाचं बियाणे धोरण असतं ना."

मग गाडी उताराला लागली. हेमराजचं नाव घालायचं तर त्याच्या प्राचार्यांचं टाळता येईना. ते त्याच्या वरचे. प्राचार्य आले तर तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी एकदा मयुरीला दमटपणा मोजायचं यंत्र दोन दिवस वापरायला दिलं होतं, ते कसे सुटणार? हेमराजची बायको डिंपल बी.एड. कॉलेजात शिकवत होती. नवऱ्याचं नाव आणि बायकोचं नाही, हे धुरपदाबाईंच्या कुठल्याच पत्रिकेत कधी झालं नव्हतं.

मयुरी नाही म्हणाली. तेव्हा धुरपदाबाईंनी अबोला धरला. स्वयंपाक वेळेवर, ताट समोर, पण ताट ठेवताना जो आवाज व्हायचा त्यात सगळं आलं. चार दिवस पोरीने तो आवाज सोसला. पाचव्या दिवशी ती सुरवाडे सरांकडे गेली. सर भला माणूस, पण भल्या माणसांचा एक थकवा असतो. ते म्हणाले, "आपल्याकडे असंच चालतं, मयुरी. माझ्या पहिल्या लेखावर माझं नाव पाचवं होतं. पहिल्या चौघांना मी नंतर दीक्षान्त समारंभात भेटलो."

सात नावं झाली. राहिला क्रम. तो धुरपदाबाईंनी स्वतः लावून दिला, मानाप्रमाणे. पहिले प्राचार्य. मग विभागप्रमुख. मग झिपरू आबा, वयाने मोठे. मग सुरवाडे सर, हेमराज, डिंपल. सगळ्यांत शेवटी मयुरी, कारण घरातलं लेकरू पत्रिकेत खालीच असतं, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ त्या ओळीत. मयुरीने यादी वाचली आणि घडी घालून वहीत ठेवली. धुरपदाबाईंना वाटलं, पटलं.

मयुरीला लेख अशा ठिकाणी पाठवायचा होता जिथे सहा महिने तपासून मग छापतात. हेमराजला तीन आठवड्यांत हवा होता. त्याने एक आंतरराष्ट्रीय नियतकालिक शोधून काढलं. तिथून नवव्या दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं, त्यात संपादकांनी ‘आपल्या हृदयरोगावरील मौलिक लेखाबद्दल’ सातही लेखकांचं अभिनंदन केलं होतं. मयुरी ते पत्र बराच वेळ बघत बसली. हेमराज म्हणाला, त्यांच्याकडे कामाचा फार व्याप असतो.

लेख छापून आला. धुरपदाबाईंनी त्याची रंगीत प्रत काढून आणायला लावली, तिच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं आणि पहिली प्रत देवापुढे ठेवली. दुसरी झिपरू आबांना. आबांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं, सापडल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "विषय चांगला आहे." महिनाभर धुरपदाबाई गल्लीतून जरा सावकाश चालत होत्या, कुणी विचारलंच तर थांबता यावं म्हणून.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. धुळ्यात प्राचार्यांचं कुणाशी तरी वाकडं होतं. त्या कुणीतरी लेख वाचला, वाचणारा बहुधा तो एकटाच असावा, आणि विद्यापीठाला विचारलं की चवळीच्या भुंग्यावर राज्यशास्त्राचा प्राध्यापक आणि निवृत्त तलाठी काय काम करत होते. विद्यापीठात अशा गोष्टी बघायला एक संशोधन सचोटी समिती होती. तिने कळवलं की सातही जणांनी, कुणी काय काम केलं ते लिहून, सही करून, अमुक तारखेला हजर राहावं.

धुळ्यात धावपळ झाली. प्राचार्यांच्या कार्यालयाने सगळ्यांच्या वतीने एकच कागद तयार करून धाडला. मयुरीने तो आजीला वाचून दाखवला. तिचा आवाज अगदी सपाट होता, बसची वेळ सांगतात तसा.

"प्राचार्य, संकल्पना. विभागप्रमुख, प्रयोगाची आखणी. प्राध्यापक हेमराज पाटील, प्रत्यक्ष प्रयोग व निरीक्षणं. सौ. डिंपल पाटील, आकडेवारी. श्री. झिपरू पाटील, जागा व देखरेख. डॉक्टर सुरवाडे, भाषा तपासणी. कुमारी मयुरी पाटील, टंकलेखन."

"टंकलेखन म्हणजे?"

"टायपिंग, आजी. मी टायपिंग केलं."

"आन् मडकी?"

"मडकी काकांनी मोजली. असं लिहिलंय. या कागदावर मी सही केली तर प्रयोग माझा नाही, आणि प्रयोग माझा नाही तर प्रबंध माझा नाही. नाही केली तर सहा जण एका बाजूला आणि मी एका बाजूला."

धुरपदाबाईंनी त्याच पावली हेमराजला फोन लावला. "तू मडकी पाहेल तरी का रे?" त्यांनी विचारलं.

"माय, तो नुसता कागद आहे," हेमराज म्हणाला. त्याचा आवाज घाबरलेला होता. लहानपणी विहिरीत चप्पल पडली तेव्हा असाच आला होता. "वरचं सगळं वरच्यांनी घेतलं, मला उरलं ते मी घेतलं. माझी नोकरी जाईल गं. मयुरी लहान आहे, तिचं पुढे काहीतरी होईल."

धुरपदाबाईंनी फोन ठेवला. त्या रात्री त्यांनी भाकरी थापल्या त्या सगळ्या एका बाजूने जाड आल्या, आणि त्यांच्या हातून असं कधी होत नाही.

ठरल्या दिवशी त्या मयुरीबरोबर निघाल्या. नको म्हणून पोरीने सांगून पाहिलं. त्यांनी ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं, आणि रिक्षात बसल्यावर मनाशी ठरवलं की आज गावचं बोलायचं नाही, शुद्ध बोलायचं.

विद्यापीठाच्या फाटकावर वही होती. पहारेकऱ्याने भेटीचं कारण विचारलं. धुरपदाबाई म्हणाल्या, खरं सांगायला आलेय. वहीत तसा रकाना नव्हता. आत कार्यालयात एक बाबू बसला होता, त्याच्याकडे दोन याद्या होत्या.

"तुम्ही लेखक की तक्रारदार?"

"आजी," धुरपदाबाई म्हणाल्या.

बाबूने दोन्ही याद्या पुन्हा पाहिल्या. मग तिसरा कागद घेतला, त्यावर ‘इतर’ असं लिहिलं आणि खाली त्यांचं नाव घातलं. अंगठ्याची शाई पुढे करणार होता, पण धुरपदाबाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि पाच मिनिटं लावून पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. मागे रांग थांबली होती. थांबू दे म्हणाल्या मनात.

व्हरांड्यात हेमराज भेटला. तो वाकून पाया पडला. "माय, तू कशाला आलीस?" त्याने विचारलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते, त्यांना माहीत नव्हतं.

आत लांब टेबल होतं. मध्ये मृणाली मॅडम, समितीच्या प्रमुख, वयाने डिंपलपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. आजूबाजूला दोन सदस्य. एका भिंतीला सातही लेखक ओळीने, मानाप्रमाणेच बसलेले. धुरपदाबाईंना कोपऱ्यात खुर्ची मिळाली.

मॅडमनी कागद वाचला आणि हळू आवाजात विचारलं, "प्रत्यक्ष प्रयोग प्राध्यापक हेमराज यांनी केला. सर, बी कशाचं होतं?"

"कडधान्य," हेमराज म्हणाला.

"कुठलं?"

"स्थानिक."

"मटकी, चवळी, मूग?"

हेमराजने प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. झिपरू आबांनी ओठ हलवून काहीतरी सुचवलं, पण आबांची दातांची कवळी घरी राहिली होती आणि ते नीट उमटलं नाही. "मटकी," हेमराज म्हणाला.

धुरपदाबाईंना ते बघवेना. पोटचं पोर चार लोकांत असं उभं राहावं, आणि आपण बसून बघावं. त्या उठल्या.

"त्याला नका विचारू बाई," त्या म्हणाल्या. "तो माझा मुलगा आहे. त्याला घरात मीठ कुठे ते माहीत नाही. मडकी त्यानं पाहिलेली नाहीत. ही सगळी नावं मी घातली. या पोरीनं नको म्हटलं होतं. मी चार दिवस बोलले नाही म्हणून तिनं घातली. काम सगळं हिचं."

हेमराज मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला. धुरपदाबाईंना वाटलं होतं, एवढं बोलून झालं की छाती हलकी होईल. झाली नाही.

मॅडमनी मयुरीची वही मागवली. तारखा, आकडे, फोटो, सगळं पोरीच्या अक्षरात. दोन्ही सदस्यांनी पानं उलटली. त्यांच्या चेहऱ्यावरून धुरपदाबाईंना कळलं की गाडी रुळावर आलीय. सुरवाडे सर पहिल्यांदाच ताठ बसले. मयुरीच्या गालावर थोडा रंग आला.

"म्हणजे काम हिचं आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंत," मॅडम म्हणाल्या.

"पाहिलं म्हणजे? ही दिवसभर इथं तुमच्याकडे. आठ महिने त्या मडक्यांपाशी मीच तर होते."

मॅडम हसल्या. चांगल्या मनाने हसल्या. "मग आजी, एवढ्या नावांत तुमचंच कसं नाही?"

हा प्रश्न धुरपदाबाईंना आयुष्यात कुणी विचारलेला नव्हता. त्या क्षणभर गोंधळल्या, आणि जरा सुखावल्याही. "मी काय केलं?" त्या म्हणाल्या. "मी तर फक्त शुक्रवारी राखेची मडकी निवडायचे."

मॅडमचं पेन थांबलं. "निवडायच्या म्हणजे?"

धुरपदाबाईंना त्या शिकलेल्या बाईची कीव आली. धान्य निवडायचं म्हणजे काय हे हिला कुणी शिकवलं नसावं. त्यांनी हातांनी दाखवून सांगितलं: मडकं सुपात ओतायचं, राख पाखडायची, भोकाचा दाणा दिसला की वेचून चिमण्यांना टाकायचा, चांगलं बी पुन्हा राखेत. बोलता बोलता शुद्ध भाषा सुटली. "किडेल दाना मडकामा कसा ठेवू, बाई? चार लोके देखाले येतस. मनी राख शे ती." राख त्यांची, म्हणजे अब्रूही त्यांचीच.

"आणि बाकीची नऊ मडकी?"

"त्यासले मी हात लावा नही. त्या पुस्तकातल्या व्हत्यात."

सुरवाडे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सगळे मयुरीकडे बघत होते, म्हणून धुरपदाबाईंनीही पाहिलं. पोरीचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चार," मयुरी म्हणाली, स्वतःशीच. "शंभरात चार."

कुणीतरी धुरपदाबाईंना समजावून सांगायला सुरुवात केली, पण त्याची गरज नव्हती. तिसरी शिकलेल्या बाईलाही एवढं गणित कळतं. किडके दाणे दर आठवड्याला कुणी वेचून टाकत असेल, तर महिन्याच्या शेवटी ते मोजात कुठून येतील? राखेचा आकडा राखेचा नव्हताच.

त्यांनी जन्मात खोटं सांगितलं नव्हतं. त्याचा त्यांना गर्व होता, आणि तो गर्व त्यांनी कधी लपवलाही नव्हता. पण आता त्या घाईघाईने म्हणाल्या, "चुकलं बाई माझं. म्हातारं डोकं. ती मडकी घरची होती, गावची. गावच्या मडक्यांचं सांगत होते मी. इथल्या नाही."

मॅडमनी हे लिहून घेतलं नाही. मग मयुरीला म्हणाल्या, "आजी म्हणतात गावची मडकी. बरोबर आहे का?"

एक हो म्हटलं असतं तर झालं असतं. प्रयोग पोरीचा ठरला होता. वही समोर होती. प्राचार्यसुद्धा मान हलवून हो म्हण असं सुचवत होते, त्यांचा त्यात फायदा नसताना. धुरपदाबाईंनी नजरेने विनवलं. नातीला त्यांनी कधी विनवलं नव्हतं.

मयुरी उभी राहिली. "नाही मॅडम," ती म्हणाली. "इथलीच. गावी आमच्याकडे आता मडकीच नाहीत, कोठी आहे. लेखातला राखेचा आकडा धरू नका. मीच लिहून देते."

परतीची रिक्षा फुफाट्यातून उडत होती. मग मयुरीने विचारलं, रागाने नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं, "आजी, तू मला एकदाही सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" धुरपदाबाई म्हणाल्या. "मी भांडी घासस ते सांगस का तुले?"

समितीचा निर्णय महिन्याने आला. लेख मागे घेण्यात आला. धुरपदाबाईंना वाटलं होतं मागे घेतला म्हणजे निदान दिसणार तरी नाही. पण तसं नसतं. तो तिथेच राहतो, प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का आणि वर सातही नावं, कुणालाही कधीही बघता येतील अशी. मानाप्रमाणे. प्राचार्य आणि विभागप्रमुख यांना ताकीद मिळाली. हेमराजची मुलाखत रद्द झाली. मयुरीची नोंदणी राखली, कारण तिने आपण होऊन खरं सांगितलं. प्रयोग मात्र पहिल्यापासून. जूनमधली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. विद्यावेतन संपलं होतं, म्हणून ती अमळनेरला तासिका तत्त्वावर शिकवायला जाऊ लागली. सकाळच्या एसटीने जायची आणि दुपारनंतर येऊन मडकी बघायची. झिपरू आबांनी प्रत परत आणून दिली. बेबाबाई म्हणाल्या, मी तर पहिल्यापासून म्हणत होते.

नवी बारा मडकी ओट्यावर मांडली त्याच दिवशी धुरपदाबाईंनी पिशवी भरली.

"तू जाऊ नकोस," मयुरी म्हणाली. "फक्त हात लावू नकोस, बस."

"डोळासले दिसनं का हात ऐकतस नही," त्या म्हणाल्या, आणि गावाला निघून गेल्या.

दिवाळी आली आणि गेली. हेमराज आला नाही, फोनही नाही. डिंपलचा एकदा आला, तब्येत विचारायला. बोलताना मागे हेमराजच्या खोकल्याचा आवाज येत होता. धुरपदाबाईंनी ‘त्याला सांग’ म्हणून सुरुवात केली आणि पुढे काय सांगायचं ते सुचलं नाही, म्हणून म्हणाल्या, "हळदीचं दूध दे त्याला." त्या वर्षी भावकीत दोन लग्नं झाली. पत्रिका तपासायला लोक त्यांच्याकडे आले. त्यांनी दोन्ही न बघता परत केल्या.

आठ महिन्यांनी मयुरीचा फोन आला. दुपारची वेळ होती, धुरपदाबाई ओसरीत बसल्या होत्या.

"आजी, मोजलं," ती म्हणाली. "नुसत्यात एकसष्ट. कडुलिंबात चोवीस. एरंडेलात नऊ."

"आन् राख?"

"एक्केचाळीस, आजी. तीनदा मोजलं. सुरवाडे सरांनीही मोजलं."

धुरपदाबाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. भिकुबाई गेल्याला तीस वर्षं झाली होती. तिलाही हे माहीत नसणार.

"मग पन्नास वरीस मनं चवळीनं बी टिकनं ते कसं?" त्यांनी विचारलं.

"तू निवडत होतीस ना," मयुरी म्हणाली. "दर शुक्रवारी. तुझ्याआधी ती निवडत असेल."

मागे एसटीचा भोंगा ऐकू आला. पोरगी अमळनेरच्या स्टँडवर उभी असावी.

"लेख लिहितेय," ती म्हणाली. "दोनच नावं. सहा महिने लागतील छापायला, लागू देत. पण शेवटी आभार असतात, आजी. तिथे तुझं नाव घालायचंय मला. काय म्हणून घालू, ते सुचत नाहीये."

धुरपदाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि घसा साफ केला. नाव कुठे आणि काय म्हणून घालायचं, हे त्यांना आजवर कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"लिखी दे," त्या म्हणाल्या, "यंदा म्हातारीनी हात लावा नही."